सोळा नंबरच्या करडाची आई

करडांना आयांपासून पहिल्यांदा तोडले, तो दिवस मी पाहिलेला नाही. म्हसावदजवळच्या त्या सरकारी शेळी केंद्रात वजने आणि नोंदी ठेवायला मी त्यानंतर आठवड्याने रुजू झाले. त्यामुळे 'तीन दिवस गावात कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं' असे जे सांगतात, त्याची खात्री मी देणार नाही. पाहिले तेवढेच पुष्कळ आहे. साठ सालानंतरची दोन वर्षे मी तिथे काढली आणि किस्से असे साचले, की एक काढावा तर चार सोबत येतात.

पद्धत नवी होती. जन्मलेले करडू त्याच दिवशी वेगळे करायचे, कानात पत्र्याचा नंबर ठोकायचा, बारा-बारांच्या कोंडीत ठेवायचे आणि बाटलीने दूध पाजायचे. "हे सायन्स आहे, बाई!" केंद्राचे साहेब मला म्हणत. साहेबांनी शेळ्यांविषयी बरेच वाचले होते.

•

करडांना पाजायचे काम धनाबाईकडे होते. आपली गाभण शेळी तिने केंद्राला दिली होती. त्या शेळीचे करडू म्हणजे सोळा नंबर. ते जगावे, एवढेच तिचे म्हणणे.

शेळ्यांच्या धारा काढून ती तशीच, अंगाला त्यांचा वास घेऊन, कोंडीत येई. करडे आधी तिच्या लुगड्याला तोंड घाशीत आणि मग बाटली धरीत. साहेबांना हे अस्वच्छ वाटले. तिला फिनेलच्या पाण्यात धुतलेला पांढरा कोट मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या करडांनी बाटली सोडली.

"साहेब, कोट काढू का?"

"अजिबात नाही!"

"मंग बकरीसले बी कोट घाला. पिल्लासले असं वाटी, माय बी साहेबच शे!"

कोट राहिला.

•

मग करडे एकमेकांचे कान चोखू लागली. रक्त येईपर्यंत! मी नोंद केली : 'खनिजांची कमतरता?'

काय लिहिले, ते धनाबाईने विचारले. मी सांगितले.

"बाई, तुमनी मायनी तुम्हले खनिजच पाजं व्हतं का?"

मी नोंद खोडली. प्रश्नचिन्ह तेवढे ठेवले.

•

धुळ्याहून मोठे अधिकारी तपासणीला आले. कोंडीपुढे थांबून म्हणाले, "किती शांत आहेत ही करडं!"

"शिस्त आहे, सर!" साहेब म्हणाले.

धनाबाई बाटल्या विसळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दोन दिनमा आखो शांत व्हतीन, साहेब."

अधिकाऱ्यांना अहिराणी येत नव्हती; 'आखो' म्हणजे 'आणखी', हे त्यांना कुणी सांगितले नाही. त्यांनी कौतुकाने मान डोलावली.

•

त्या शांत करडांत सोळा नंबरही होता. तो बाटली धरीना.

"बाई, त्याले मायकडे लई जाऊ द्या."

मी नकार दिला. तीन दिवसांची वजने हाती असल्याशिवाय शिफारस करणे मला शिकवलेले नव्हते. तिन्ही दिवस वजन उतरले. चौथ्या दिवशी मी अर्ज लिहिला. साहेबांनी, आश्चर्य म्हणजे, लगेच सही केली.

शेळ्यांचा गोठा आवाराच्या दुसऱ्या टोकाला होता. धनाबाईने करडू तिथे नेऊन आईपुढे ठेवले. शेळीने हुंगले आणि ढुशी मारली. करडू उठले, तिने पुन्हा मारली. धनाबाईने कोट काढून फेकला, लुगड्याच्या पदराने करडू पुसले, त्या शेळीचेच दूध त्याच्या पाठीला चोळले.

"वळख ना माय, तुन्हंच शे!"

शेळीने तोंड फिरवले.

धनाबाई माझ्याकडे वळली. "बाई, तुमना तीन दिन व्हयनात का पुरा?"

दुपारी करडू गेले.

दुसऱ्या सकाळपासून ती शेळी धार झाल्यावर गोठ्याच्या दारात येऊन ओरडू लागली. समोर, आवाराच्या पार पलीकडे, करडांच्या चार कोंड्या होत्या. एका कोंडीकडे तोंड करून ती उभी राही, सोळा नंबर जिच्यात होता तिच्याकडे. त्याच कोंडीतले दुसरे करडू मी तिच्यापुढे आणून ठेवले. तिने त्याला ढुशी मारली आणि पुन्हा तिकडेच तोंड केले.

एकवीस दिवस हे चालले. मी सगळ्यांना विचारून पाहिले. करडू कोणत्या कोंडीत होते, ते त्या शेळीला कुणीही, कधीही दाखवलेले नव्हते.