सावकाशचा विज्ञानाचा पेपर

आमच्या धुलाईखान्यात तिला सगळे सावकाश म्हणायचे. ओल्या कपड्यांची ट्रॉली घेऊन कुणी धावत आलं की ती ओरडायची, "सावकाश गं!" वाफेचा नळ कुणी फाडकन सोडला की, "सावकाश रे बाबा!" स्वतःचे हात मात्र असे झपाझप चालायचे, की तिच्यासमोर घड्या घालायला नवी बाई उभी केली तर ती दुपारपर्यंत रडकुंडीला यायची. म्हणून तिच्यासमोर कायमची मी. मला मिरची म्हणतात. का म्हणतात ते वेगळं सांगायला नको.

मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात आमची ती लांबुळकी खोली. एका टोकाला मळकं येतं, मग धुवायची यंत्रं, वाळवायची यंत्रं, रोलरची इस्त्री, आणि सगळ्यात शेवटी आम्ही दोघी. इस्त्रीतून चादर गरमागरम बाहेर पडते. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ताणायची, झटकायची, उभी दुमडायची. मग एकमेकींकडे चालत यायचं, मी माझी टोकं तिच्या हातात द्यायची, खाली लोंबणारी घडी उचलायची आणि परत मागे. दिवसभर हेच. इतक्या वर्षांत माझ्या नवऱ्याचं तोंड मी जेवढ्या जवळून पाहिलं नसेल तेवढं हिचं पाहिलं.

एक दिवस सुपरवायझर खाली आला आणि म्हणाला, घड्या घालायचं यंत्र येतंय. एकीकडून चादर आत, दुसरीकडून घडी बाहेर. ज्यांच्याकडे दहावीचं प्रमाणपत्र आहे त्यांना वर निर्जंतुकीकरण विभागात घेणार. नाही त्यांना कंत्राटदाराकडे. कंत्राटदाराकडे म्हणजे आज आहेस, उद्या आहेस की नाही ते त्याच्या मर्जीवर.

माझ्याकडे प्रमाणपत्र होतं. शेवटच्या बाकावर बसून, शेजारणीच्या पेपरात डोकावून, कशीबशी मिळवलेली दहावी. सावकाशकडे नव्हतं. धाकट्या भावंडांना कडेवर घ्यायला कुणीतरी हवं होतं, म्हणून तिला शाळेतून काढलं होतं. पण बाईने हार मानली नव्हती. शाळा सुटलेल्यांसाठी दहावीच्या बरोबरीची परीक्षा असते, ती ही देत होती. भाषा सुटली. गणित सुटलं, तेही चांगल्या गुणांनी. समाजशास्त्र सुटलं. विज्ञान मात्र दर वेळी तिला आपटायचं. घरी नवरा, पूर्वी वेल्डर होता, उंचावरून पडून पाठ गेली, आता उभ्या उभ्या स्वयंपाकही निवांत करता येत नाही त्याला. मुलगी अजून शाळेत. घर चालायचं ते हिच्या दोन हातांवर. यंत्र बसायच्या आधी विज्ञानाचा पेपर द्यायची एकच संधी मिळणार होती.

"पुस्तक उघडून बसले की डोळे मिटतात बघ," ती मला म्हणाली. "दिवसभर उभी राहून माणूस रात्री पेशी काय वाचणार? तू असं कर. इथेच विचार मला. हात चालू, तोंड चालू."

"हे काय शिकणं झालं?" मी म्हटलं. "शाळेत असं शिकवतात का?"

"शाळेत शिकून तुला काय येतं?"

खरंच होतं ते. मला आम्ल आणि आम्लारी ह्यातलं आंबट कुठलं तेही धड आठवत नव्हतं. मग मी तिचं पुस्तक टेबलाच्या कडेला उघडून ठेवायला लागले. चादर ताणताना मी प्रश्न विचारायची. झटकताना ती विचार करायची. चालत येऊन टोकं हातात घेताना उत्तर द्यायची. "जडत्व म्हणजे काय?" ताण, झटक, दुमड. "आहे त्या अवस्थेत राहण्याची पदार्थाची प्रवृत्ती." मागे. "निळा लिटमस आम्लात?" ताण, झटक. "तांबडा." उशांच्या खोळींना छोटे प्रश्न, पलंगाच्या चादरींना मोठे. शस्त्रक्रियेची ती हिरवी लांबरुंद कापडं आली की प्रकाशसंश्लेषण. इस्त्रीवरच्या बायकाही मध्ये तोंड घालायच्या. एकदा मी कार्याची व्याख्या वाचली: बल लावूनही वस्तू हलली नाही, तर घडलेलं कार्य शून्य. सावकाश चादर धरून तशीच उभी राहिली.

"म्हणजे ओल्या ट्रॉलीचं चाक अडकलं, मी घाम फुटेस्तोवर ढकललं आणि ती हलली नाही, तर मी कामच केलं नाही?"

"पुस्तकात तसंच आहे."

"हे पुस्तक सुपरवायझरने लिहिलंय," ती म्हणाली, आणि आम्ही एवढ्या हसलो की तो खरंच बघायला आला.

ते दिवस चांगले होते हे मला तेव्हा कळलं नाही. तिला सगळं येत होतं. विद्युतधारा, रोध, भिंगं, माणसाचं हृदय, कप्पे, झडपा, सगळं. मी पान उलटायची आणि ती सांगत सुटायची. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, आमची सावकाश पास होणार, लिहून ठेव.

परीक्षा अगदी तोंडावर आली तेव्हा आम्ही कँटीनमध्ये जेवत होतो. मी सहज विचारलं, "रोध कशाला म्हणतात गं?"

ती चावता चावता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, तोंडात घास आहे. घास गिळला तरी बोलेना.

"अगं, सकाळीच तर सांगितलंस."

"हो ना." तिने डोळे मिटले. "थांब. येतंय." काहीच आलं नाही. मी दुसरा प्रश्न विचारला, तिसरा विचारला. लिटमससुद्धा आला नाही. मग तिने खुर्चीवरची आपली ओढणी उचलली, दोन टोकं धरून ताणली आणि घडाघडा रोधाची व्याख्या म्हटली, एककासकट. आधी मी हसले. टेबलावरच्या बायकाही हसल्या. तिच्या तोंडाकडे लक्ष गेलं तेव्हा माझं हसू तोंडातच राहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

एवढे महिने जे शिकलं ते तिच्या डोक्यात गेलंच नव्हतं. हातात गेलं होतं. कापड ताणलं की यायचं, हात मोकळे झाले की जायचं. आणि परीक्षेला तर एका हातात पेन धरावं लागतं. ही गोष्ट आम्हा दोघींपैकी एकीच्याही टाळक्यात आली नव्हती.

मग नुसती धावपळ. घरी तिची मुलगी कागद-पेन देऊन प्रश्न घालायची, ही कोरा कागद घेऊन बसायची. मुलगी चिडायची, मग रडायची, मग दोघी रडायच्या. अखेर नवऱ्याने उपाय काढला. मोठा रुमाल घ्यायचा, एक टोक मांडीखाली दाबायचं, दुसरं डाव्या हाताने ताणायचं, उत्तर आलं की उजव्या हाताने लिहायचं. मी ऐकून कपाळावर हात मारला. पण तिच्या घरी जाऊन पाहिलं तर जमत होतं. सगळं नाही, निम्मं तरी येत होतं. हात घाईत असायचा, अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं यायचं, तरी उत्तर बरोबर असायचं. "पास होण्यापुरतं होईल," नवरा म्हणाला. बिचारा पाठीला उशी लावून बसला होता आणि स्वतःच परीक्षेला निघाल्यासारखा घामाघूम झाला होता.

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकली. केंद्र म्हणजे एक शाळा, भिंतींचा रंग उडालेला, फाटकापाशी पेन विकणारा. नवऱ्याने इस्त्री करून दिलेला पोशाख तिने घातला होता आणि रुमाल कोरा करकरीत होता. "सावकाश लिही," मी तिला म्हणाले. ती हसलीही नाही. घंटा झाली, ती आत गेली, मी समोरच्या पायरीवर बसले. ऊन चढलं तसं मी सावलीबरोबर सरकत गेले.

ती सगळ्यात शेवटी बाहेर आली. रुमाल हातात नव्हता. काय झालं ते तिने रस्त्यावरच सांगितलं, चालता चालता, माझ्याकडे न बघता.

बाक लहान मुलांचे होते. गुडघे आत मावत नव्हते, मांडीखाली रुमाल दाबायला जागा नव्हती. म्हणून तिने रुमालाचं टोक दातांत धरलं आणि दुसरं हाताने ताणलं. पहिला प्रश्न आला. दुसरा आला. तिसरा लिहीत असताना पर्यवेक्षक शेजारी येऊन उभा राहिला. तरुण पोरगा, नवीनच असणार. "रुमालावर काय आहे?" काही नाही म्हणाली. त्याने रुमाल मागितला, उजेडात धरला, उलटसुलट केला, झटकला. मग त्याने दुसऱ्या पर्यवेक्षकाला बोलावलं. तिला उभं केलं. बाह्या वर करायला लावल्या, तळहात बघितले. सगळा वर्ग बघत होता. तिच्या मुलीच्या वयाची मुलंही होती त्यात. काही सापडलं नाही तेव्हा तो म्हणाला, बसा, पण हे इथे चालणार नाही, आणि रुमाल आपल्या टेबलावर ठेवून दिला.

"तू सांगितलं नाहीस का त्याला?" मी जवळजवळ ओरडलेच.

"काय सांगू? रुमाल ताणला की मला विज्ञान येतं?"

"मग पुढे?"

"पुढे काही नाही. हात मांडीवर ठेवून बसले. उठून जायची लाज वाटली."

माझ्या अंगाची आग आग झाली. मी मागे वळले. त्या पोराच्या कानाखाली जाळ काढायचा, दुसरं काही नाही. तिने माझा दंड धरला. "सावकाश गं," म्हणाली. "त्याचं काय चुकलं? मी त्याच्या जागी असते तर मीही रुमाल घेतला असता." तिला राग नव्हता, हेच मला सहन झालं नाही. थोडी चिडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला वाटलं असतं की बाईत अजून धग आहे. मी रस्त्यात उभी राहून रडले आणि ती माझी समजूत घालत राहिली.

निकाल लागला. काठावर वगैरे नाही, चांगली सणसणीत नापास. मी सुपरवायझरकडे गेले. म्हटलं, हिला सगळं येतं, तुम्ही स्वतः येऊन विचारा, चादर मी धरते. त्याने माझ्याकडे वेड लागलेल्या बाईकडे बघावं तसं बघितलं. "नियम वरून आलाय," म्हणाला. वरून काय येतं आणि वर कोण बसतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी बरंच काही बोलले, ते इथे सांगण्यासारखं नाही. उपयोग शून्य झाला.

यंत्र आलं. मी वर गेले. सावकाश कंत्राटदाराकडे गेली, लांबच्या इमारतीत फरशी पुसायला; नंतर आमच्याच मजल्यावर बदली होऊन आली.

आता निर्जंतुकीकरण विभागाचं सांगते. काचेचं दार, थंड खोली, डोक्याला टोपी. अवजारांचे बांधलेले गठ्ठे येतात. ते यंत्रात ठेवायचे, दार लावायचं, बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला की काढायचे. तांबडा लागला तर तंत्रज्ञाला फोन करायचा. हिरवा आणि तांबडा ओळखायला शाळा लागत नाही. मी तिथे गेल्यापासून मला कुणी जडत्व विचारलं नाही, रोध विचारला नाही. माझ्याबरोबरच्या मुलीला तर प्रकाशसंश्लेषण हा शब्दही नीट म्हणता येत नाही. पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं आणि मी प्रसाधनगृहात जाऊन आरशासमोर उभी राहिले. कुणाच्या तरी अंगावर धावून जावं असं वाटत होतं, पण समोर मीच होते.

एका दुपारी ती आमच्या दाराबाहेर फरशी पुसत होती. मी चहाला निघाले होते. तिने बादली बाजूला सरकवली, काचेतून आत बघितलं. यंत्रावरचे आकडे बदलत होते, दिवे लुकलुकत होते. आत वाफ सुटल्याचा आवाज आला.

"मिरचे," तिने हळूच विचारलं, "इथे लागतं का गं विज्ञान?"

मी आयुष्यात कुणाची भीड ठेवलेली नाही. जे आहे ते तोंडावर बोलून मी नातेवाईक तोडलेत, शेजारी तोडलेत. तिच्या हातातलं ओलं फडकं माझ्या टोपीएवढंच पांढरं होतं.

"लागतं गं," मी म्हणाले. "रोज लागतं. सारखं लागतं. डोकं पिकून जातं बघ."

तिने मान हलवली. चेहऱ्यावरचा ताण जरा उतरल्यासारखा झाला.

"मग बरंच झालं," ती म्हणाली. "मला नसतं जमलं." आणि ती पुढची फरशी पुसायला लागली.