संध्याकाळचं पाणी

अण्णांनी बुद्धमूर्तीपुढचा पेला उचलला आणि फुलांसकट तोंडाला लावला, तेव्हा मी स्वयंपाकघरातून वरणाचं भांडं घेऊन बाहेर येत होते. पेल्यात सकाळचं पाणी होतं, त्यात झेंडूची फुलं. ते गटागटा प्यायले. हनुवटीला पाकळ्या चिकटल्या. माझी चाहूल लागली तसा त्यांनी पेला पाठीमागे लपवला. ज्या माणसाने आयुष्यभर भट्टीपुढे उभं राहून लाल लोखंड ठोकलं, जो कधी कुणाच्या बापाला भ्यायला नाही, तो माझा बाप माझ्याच घरात पाण्याचा पेला लपवत होता.

"अण्णा, तहान लागली तर मागायचं ना," मी म्हटलं.

त्यांनी हातानेच हनुवटी पुसली. मग हळूच म्हणाले, "पिऊ का अजून?"

आई गेल्यावर अण्णा ताथवड्याला माझ्या थोरल्या भावाकडे राहत होते. मग पडले, पाय अधू झाले, थोडं विसरायलाही लागले. दादाने त्यांना चऱ्होलीतल्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. मी तेव्हा काही बोलू शकले नाही, कारण माझी आणि नवऱ्याची शिफ्ट सारखी बदलायची आणि घरात बघायला कोणी नव्हतं. आम्ही रविवारी भेटायला जायचो. त्या रविवारी मी त्यांना पहिल्यांदाच घरी, संध्याकाळच्या जेवणाला आणलं होतं.

निघोज्यातल्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. गाड्यांचे पार्ट तपासणं हे माझं काम. कस्टमरचं ऑडिट असलं की आमची कंपनीही नवरीसारखी नटते. फरशी चकाचक, प्रत्येकाच्या पायात सेफ्टी शूज, आणि जे दाखवायचं नाही ते मागच्या शेडमध्ये. रविवारचा तो वृद्धाश्रम असाच नटलेला असायचा, हे मला पेल्यातली फुलं बघेपर्यंत कळलं नाही. आंघोळ घातलेले, पावडर लावलेले अण्णा, धुतलेली चादर, उशाशी पाण्याचा भरलेला जग. मी समाधानाने घरी यायचे.

म्हणून पुढच्या वेळी मी रविवारची वाट बघितली नाही. कामाच्या दिवशी, न सांगता, चहाची वेळ उलटल्यावर गेले.

खोलीत चार खाटा होत्या. चारही खाटांचे जग लोखंडी कपाटाच्या डोक्यावर ओळीने ठेवलेले. शेजारच्या खाटेवरचे आजोबा मला बघून उठायची धडपड करत म्हणाले, "पोरी, तेवढा जग खाली घेतेस का?" मी चारही जग उतरवले. चौघं प्यायले. अण्णांनी दोन्ही हातांनी पेला धरला होता, आणि त्या हातांवरची कातडी वाळक्या पेरूसारखी सुरकुतली होती.

तेवढ्यात तिथली मावशी धावत आली. "ताई, नका देऊ! रातच्याला मी एकली असते. एवढ्यांची हातरुणं कोन बदलनार? वरून आर्डर हाय, चार वाजल्यावर पानी न्हाई."

तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या कंपनीत हीट ट्रीटमेंटची भट्टी आहे, उन्हाळ्यात तिच्याजवळ पाच मिनिटं उभं राहवत नाही. ज्याने ही ऑर्डर काढली त्याला तिथे खुर्चीला बांधून बसवावं, खारे शेंगदाणे चारावेत आणि थंडगार पाण्याचा जग त्याला दिसेल असा ठेवावा, असं माझ्या मनात आलं. रागाच्या भरात माणूस काहीबाही बोलतो, तसं नव्हतं हे. मला ते खरंच करायचं होतं. अजूनही माझी ना नाही.

वृद्धाश्रमाच्या मालकाला बोलावलं. तो आला तो हात जोडूनच. इतका साळसूद माणूस मी बघितला नव्हता. सेवा, पुण्य, आईबाप हेच दैवत, सगळं बोलून झालं. मी पोलिसांचं नाव काढलं तेव्हा मात्र त्याचे हात सुटले. "आमच्यावर कसले आरोप करता, मॅडम? तुमच्या वडलांचं पाणी तुमच्याच भावाने बंद करायला सांगितलंय. विचारा त्यांना." आणि त्याने तिथेच दादाला फोन लावला, स्पीकरवर.

मला वाटलं होतं दादा झटकून टाकेल. त्याने झटकलं नाही.

"हो, मीच सांगितलं," तो म्हणाला. "त्यात एवढं काय? आमच्याकडे होते तेव्हाही चारच्या चहानंतर देत नव्हतो. नवी गादी वाया घालवली त्यांनी. आणि हे लोक म्हणायला लागले, अंथरूण भिजवतात, दुसरीकडे न्या. मग मी काय करायचं होतं? रात्रीचं पाणी नाही प्यायलं म्हणून कोणी मरत नाही."

अण्णा लहानपणी गावाच्या विहिरीवर ओंजळ धरून उभे राहायचे. कुणी वरच्या जातीचा आला, त्याला दया आली, तर तो वरून पाणी ओतायचा. पोहरा हातात द्यायचा नाही. हे त्यांनी आम्हा दोघांना जवळ बसवून सांगितलेलं. पिंपरीत कंपनीला लागले तेव्हा सगळ्यांच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायले, त्या दिवशी पगाराहूनही जास्त आनंद झाला म्हणायचे. त्याच पगारावर दादा शिकला, इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरीला लागला.

"गावाने वरून ओतलं, दादा, पण ओतलं तरी," मी फोनमध्ये ओरडले. "तू बंदच केलंस."

मालकाच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता. मी त्याला विचारलं, "उद्या भाऊ म्हणेल विष घाला, तर घालणार का? आणि बाकीच्या तिघांचं पाणी कुणाच्या भावाने बंद करायला सांगितलं?"

अण्णांना तेव्हाच रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. सलाइन लागलं. लघवीत जंतू झाले होते आणि मूत्रपिंडालाही इजा पोहोचली होती. डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं, "यांना पाणी कोण देतं?" त्या प्रश्नाची लाज मी अजून विसरलेले नाही, आणि ती लाज ज्यांची होती त्यांना मी ती पोहोचती करायची ठरवली.

पुढच्या रविवारी मी वृद्धाश्रमाच्या फाटकाशी उभी राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, आत जा आणि तुमच्या आईला चहानंतर काय प्यायला मिळतं ते विचारा. काही जणांनी आपापली माणसं घरी नेली. एक बाई मात्र माझ्यावरच चिडली. "तुमचं बरंय, तुम्ही नेलंत. आम्ही कुठे न्यायचं? हे बंद पडलं तर?" तिचं चुकत नव्हतं. तरी मी फाटकातून हलले नाही. आठवडाभरात तक्रार दिली, चौकशी लागली, आणि शेवटी त्या बंगल्यावरची पाटी उतरली. मावशीची नोकरी गेली. तिची तरी कीव कर, असं नवरा म्हणाला. ती गरीब, एकटी, सगळं खरं. पण तिचा हात त्या कपाटावरच्या जगापर्यंत पोहोचत होता.

तक्रार देण्याआधी दादाचा फोन आला होता. "माझं नाव घालू नकोस. सोसायटीत, कॉलेजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही." पोलीस ठाण्यातल्या हवालदारानेही विचारलं, "सख्ख्या भावाचं नाव लिहायचं? बघा बुवा." मी म्हटलं, लिहा, आणि नीट वाचता येईल असं लिहा.

आता नवरा रात्रपाळी करतो, मी पहिली पाळी. घर कधी रिकामं नसतं. अण्णा खिडकीपाशी खुर्चीत बसतात आणि पाण्याचा तांब्या मांडीवर घेऊनच बसतात. अंथरूण भिजतं. धुते.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी दादा आला. ताथवड्याहून बाइकवर, उन्हातून, हातात सफरचंदांची पिशवी. आपल्याकडे वैरीसुद्धा दारात आला तर आधी पाणी विचारतात. मी नाही विचारलं. झणझणीत भडंगाची ताटली पुढे ठेवली आणि समोर बसले. अवघडलेला माणूस काहीतरी खात राहतो, तसा तो खात राहिला. तक्रार मागे घे, निदान माझं नाव काढ, वहिनी रात्रभर रडते, असं बोलत राहिला. बोलून बोलून त्याच्या ओठांच्या कडा पांढऱ्या झाल्या.

"जरा पाणी दे गं," शेवटी तो म्हणाला.

मी जागची हलले नाही. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

त्याने माझ्याकडे बघितलं, ओशाळं हसला आणि अण्णांच्या मांडीवरच्या तांब्याकडे हात नेला. अण्णांनी तांब्या पोटाशी ओढून घेतला. खिडकीत अजून ऊन होतं. अण्णा त्याच्या डोक्यावरून हात फिरवत, लहान पोराला समजावतात तसं म्हणाले, "सकाळी मिळंल हां. आता झोप गुमान."

हे मावशीचं वाक्य असणार, असं मला वाटलं. मग मी दादाच्या तोंडाकडे बघितलं. त्याचा हात तसाच हवेत राहिला होता आणि चेहरा उतरला होता. वाक्य मावशीचं नव्हतं. ते ताथवड्याचं होतं.

मी उठले, दार उघडलं, आणि तो चपला घालून जिना उतरेपर्यंत उघडं धरून उभी राहिले.