आधी पंखा बंद करा

कुंदा मॅडम स्टाफरूममध्ये आल्या की नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट भिंतीकडे जाऊन पंखा बंद करायच्या. मे महिन्यातसुद्धा. आम्ही घामाघूम होऊन ओरडायचो, तर खराट्याची काडी समोर धरून म्हणायच्या, "ओरडू नका. उडंल तो." काडीच्या टोकावर मोहरीएवढा कोळी बसलेला असायचा.

चाकणकडच्या आमच्या कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायच्या. म्हणजे शिकवलेल्या तासांपुरता पगार, आणि दर जूनला पुन्हा मुलाखत. मी विभागप्रमुख, कायम नोकरीतला. वर्गात त्या शुद्ध बोलायच्या, पण कोळ्यांचा विषय निघाला की माहेरची भाषा यायची. माहेर इथलंच. भावांनी बरीचशी जमीन कंपन्यांना दिली होती, उरलेल्या तुकड्यात कांदा होता. त्या कांद्यातले कोळी, हीच मॅडमची पीएच.डी.

विषय ऐकून आम्ही हसायचो. कांद्यावरचे फुलकिडे खाणारा हा बारका कोळी वाऱ्यावर उडून शेतं बदलतो. पातीच्या शेंड्यावर चढतो, चवड्यांवर उभा राहतो, पोट वर करून धागा सोडतो, की निघाला. पण काही कोळी शेंड्यावर चढायचं नावच घेत नाहीत. त्यांच्या पोटात जिवाणू असतात, आईकडून पिल्लांना आलेले. "पाय ह्याचे, हुकूम त्यांचा," मॅडम म्हणायच्या. त्यांनी काही कोळ्यांना अँटिबायोटिक देऊन ते जिवाणू घालवले, पिल्लं वाढवली. ती पिल्लं पटापटा काडीच्या टोकावर चढायला लागली. त्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफला वडापाव दिला. आम्ही तो खाल्ला आणि पुन्हा हसलो.

"एवढं करून उपयोग काय हो?" मी एकदा विचारलं.

"फवारणी झाली की शेतातले कोळी मरत्यात, सर. मग परत कोण येणार? शेजारच्या शेतातनं उडणारेच ना? आणि तिथले सगळे जागा न सोडणारे निघाले, तर? आधी बघा, मग बोला."

हे त्यांचं पालुपद. विद्यार्थ्यांनाही तेच, प्राचार्यांनाही तेच. प्राचार्यांना ते झोंबायचं.

जिन्याखालच्या खोलीत त्यांच्या काचेच्या नळ्या होत्या. तोंडाला मलमलीचं कापड, आत एकेक कोळी, वर चिठ्ठीवर त्याच्या आईचा नंबर. बाहेरून कंपनीच्या बस गेल्या की नळ्या थरथरायच्या, आणि मॅडम त्यांच्यावर तळहात ठेवायच्या. आता शेवटची एक पिढी तपासायची राहिली होती. ती झाली की प्रबंध, प्रबंध झाला की कायम जागेसाठी अर्ज. पंचेचाळिशी आली होती त्यांची, पुन्हा सुरुवात करण्याचं वय नव्हतं.

तेवढ्यात मूल्यांकन समिती येणार असं कळलं. आमच्याकडे समिती येणार म्हणजे सर्वांत आधी जळमटं काढायची. प्राचार्यांनी इमारतभर कीटकनाशक फवारायचं ठरवलं. मॅडम धावत माझ्याकडे आल्या. "सर, माझी खोली तेवढी वगळायला सांगा." "अहो, काळजीच नको!" मी म्हणालो. नंतर प्राचार्यांनी फवारणीचा कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला, म्हणाले, "एकही खोली सोडू नका." मी मॅडमच्या खोलीचा विषय काढला नाही. सही केली, वर त्या खोलीची माझ्याकडची किल्लीही दिली. विसरलो नव्हतो. पुढचं प्राचार्यपद डोळ्यांसमोर होतं, खोटं कशाला बोलू?

रविवारी फवारणी झाली. सोमवारी मॅडम एकेक नळी उचलून उजेडात धरत होत्या. सगळे कोळी पाय आखडून तळाशी पडले होते. "चुकून झालं हो," मी दारातून म्हणालो. त्यांनी पुढची नळी उचलली.

समिती आली तेव्हा त्या खोलीतला पंखा पहिल्यांदाच जोरात फिरत होता, आणि मॅडम त्याच्याखाली उभ्या होत्या. भिंतीवर कोळ्यांचे मोठे फोटो आम्हीच लावले होते. एका सदस्याने विचारलं, "नळ्या रिकाम्या कशा?"

"प्रयोग पूर्ण झाला, सर. कोळी शेतात सोडले," मी म्हणालो.

"वा, छान!" ते म्हणाले. मॅडमनी हातातली रिकामी नळी खाली ठेवली. समितीने या संशोधनाचं खास कौतुक केलं आणि पुढे आम्हाला हवी ती श्रेणी मिळाली.

समिती गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मॅडम खोलीची किल्ली परत द्यायला आल्या. प्रबंध सोडला होता, नोकरीही. "काल बोलले न्हाई ते पोरांसाठी," म्हणाल्या. "त्यांच्या दाखल्यावर ह्याच कॉलेजचं नाव हाय. कोळ्याला औषध देऊन बघता येतं, सर. तुमचं काय करायचं?"

मी किल्ली घेतली आणि रजिस्टरमध्ये सही केली. आता मी प्राचार्य आहे. सह्या दिवसभर करतो.