पूर्ण सेकंदात सगळे समान

"लग्नात आमी ह्याईला सांगतो, कधी वाजवा आन् कधी थांबा. आता हेच आमची वेळ लावून राहिले!"

विराज बोलला आणि अख्खी लॅब हसली. माझ्याकडे बघून बोलला नाही. पडद्याकडे बघून बोलला. पडद्यावर वर्गातल्या सगळ्यांची नावं होती, प्रत्येक नावापुढे एक आकडा, आणि सगळ्यात खाली त्याचं नाव. खाली कसं गेलं ते त्याला बघायचं नव्हतं. कोणी नेलं तेवढंच बघायचं होतं. ती मी होते.

सरही हसले. आवाज न करता. मोबाईलमध्ये बघत.

माझे वडील, आबा, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. आमी साखरा गावचे. आमच्या वस्तीला कागदावर नवं नाव मिळालंय, लोकांच्या तोंडात अजून मांगवाडाच आहे. विराज म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. हिंगोलीत आमच्या कॉलेजची इमारत त्याच्या काकाची, लॅबही काकाची, सरांची नोकरीही काकाचीच. हे कुठं लिहिलेलं नाही. लिहायची गरज नाही, सगळ्यांना पाठ आहे.

आता पडद्यावर काय होतं ते सांगते. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आमाला सी भाषेत एक लायब्ररी करायची होती. पुस्तकांची नाही. एकदा लिहिलेली फंक्शनं एका जागी बांधून ठेवायची, म्हणजे दुसऱ्याला तेच काम परत लिहावं लागत नाही. त्यात संख्यांचा ढीग लहानापासून मोठ्यापर्यंत लावून देणारं एक फंक्शन पाहिजे होतं. ते वर्गातल्या प्रत्येकानं आपापलं लिहायचं. ज्याचं सगळ्यात जलद, त्याचं लायब्ररीत जाणार, आणि तो विद्यापीठाच्या स्पर्धेला जाणार. एकच जण. तिथं कंपन्यांची माणसं येतात. पोरांना तिथूनच उचलतात. आमच्या कॉलेजातून नोकरीकडं जाणारा तेवढाच एक दरवाजा.

पण जलद कोणाचं, हे ठरवायचं कसं? त्यासाठी वेळ मोजणारी फंक्शनं लागतात. ते काम कोणालाच नको होतं. त्यात नाव नाही. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कर. तुला जमंल." झाडलोट सांगताना जो आवाज लावतात, तोच आवाज. मी केलं.

मन लावून केलं. काम सुरू व्हायच्या आधी कॉम्प्युटरचं घड्याळ वाचायचं, संपलं की परत वाचायचं, वजाबाकी करायची. एवढ्यावर भागत नाही. पहिली खेप नेहमी जड जाते, ती सोडून द्यायची. कधी मधातच मशीन दुसऱ्या कामाला लागते, म्हणून तेच काम पुष्कळदा करून घ्यायचं आणि आलेल्या वेळांतली बराबर मधली वेळ धरायची. सगळ्यांना संख्या त्याच. मशीन तीच. कोण कोणाचा पुतण्या, हे माझ्या फंक्शनला विचारायची सोय मी ठेवली नव्हती.

त्यातून ती यादी आली. माझं स्वतःचं क्रम लावायचं फंक्शन मधात कुठंतरी होतं. मला काही वाटलं नाही. हळू असणं गुन्हा नाही, सुधारता येतं. विराजचं शेवटी, शेकडो पट हळू. आणि सगळ्यात वर तबस्सुम. हट्टा गावच्या एका टेलरची पोरगी, वर्गात सहसा तोंड उघडत नाही. तिनं ढिगाचे दोन भाग, त्या भागांचे परत दोन भाग, असं करत करत क्रम लावला होता. मी तिला मोजलं तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. परत मोजलं. चुकलं नव्हतं.

विराजच्या बोलण्यावर सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं ते सांगू का? आमच्याच वसतिगृहातल्या पोरी, माझ्याच बाकावर बसणारी पोरं. हसली नाहीत तर पुढचा नंबर त्यांचा, हे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची होती. बस म्हणाले नाहीत.

"हे बघ, तुझे आकडे फार किचकट येतेत. पाहुण्यांना काय कळणार? वेळ सेकंदात दाखव. पूर्ण सेकंद."

"सर, सगळ्यांचं काम सेकंदाच्या आतच होतंय. पूर्ण सेकंद धरले तर सगळ्यांपुढं शून्य येईल."

"येऊ दे की." सर हसले. "सगळे समान. समानता तर तुमच्याच लोकांना पाहिजे असते ना?"

मी विचारलं, "मग स्पर्धेला कोण जाणार?"

"सगळे सारखे असले की मग बाकीचं बघावं लागतं. बोलणं, राहणं, व्यक्तिमत्त्व. विराज स्टेजवर चांगला बोलतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एका ओळीचं काम आहे. तुझ्या प्रॅक्टिकलचे गुण माझ्या हातात आहेत. स्कॉलरशिपवर शिकतेस ना?"

ती ओळ काय आहे ते समजून घ्या. मोजलेल्या वेळेला सेकंदानं भागायचं आणि बाकी टाकून द्यायची. बस. त्या टाकलेल्या बाकीत तबस्सुमची सगळी मेहनत जाते आणि विराजचा सगळा आळस जातो. हातात राहतं शून्य. शून्याला जात नाही, बाप नाही, गाव नाही. काय सुंदर दिसतं! आणि मग त्या सुंदर शून्याच्या मागून 'व्यक्तिमत्त्व' आत येतं.

हे फक्त कॉम्प्युटरमध्ये होतं असं समजू नका. "आमी कोणाची जात बघत नाही" असं म्हणणारा माणूस हीच ओळ लिहीत असतो. मोठं माप घ्यायचं. इतकं मोठं, की त्यात बारीक काही दिसूच नये. मग म्हणायचं, बघा, फरकच नाही.

मला हे केबिनमध्ये सुचलं नाही. केबिनमध्ये मी नुसती "बघते सर" म्हणाले आणि बाहेर आले. गुण गेले तर वर्ष जाणार. वर्ष गेलं की स्कॉलरशिप जाणार, वसतिगृहातली जागा जाणार, आणि मग घरी. घरी गेलेल्या पोरी परत येत नाहीत. मी पाहिलंय.

त्या दिवशी आबांच्या बँडची कनेरगाव नाक्याला लग्नाची सुपारी होती. मी एसटीनं तिथं गेले. एका ढाब्याच्या मागं बँडवाल्यांचं जेवण चालू होतं. मंडपातल्या पंगती उठल्यावर उरलेलं. आबा खांद्यावर सोनेरी झालर लावलेला लाल कोट घालून जमिनीवर बसलेले. मी सगळं सांगितलं.

आबा म्हणाले, "कर की बदल. एका ओळीचं काम म्हणतीस."

"आबा, खोटं हाय ते."

"अगं, आमाला रोज थांबिवतेत. देवळापुढं थांबा, ह्याच्या दारापुढं थांबा. आमी थांबतो. थांबल्यानं सूर खोटा होतो का?"

"थांबणं येगळं, आबा. हे मला बेसूर वाजवायला लावून राहिले. आन् वरून म्हणतेत, वाजवणाराचं नाव तुझंच ठेवतो."

आबांचा घास हातातच राहिला. तेवढ्यात मंडपातून कोणीतरी ओरडलं, "ए बँडवाले, चला रे, उठा!" ताट अर्धं भरलेलं होतं. आबा उठले. बाटलीतल्या पाण्यानं हात धुतला, ट्रम्पेट घेतलं.

जाता जाता म्हणाले, "मला काहून विचारतीस, बाई? मी तर थांबणारा माणूस हाय."

त्यांनी मला हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. मी परत येताना एसटीत रडले नाही. मला राग आला होता. आबांचा नाही. ताट अर्धं राहिलं त्याचा.

लॅबमध्ये बसून मी ती ओळ लिहून बघितली. हो, लिहिली. चालवली. पडद्यावर वरपासून खालपर्यंत शून्य. माझ्यापुढं शून्य, तबस्सुमपुढं शून्य, विराजपुढं शून्य. इतका स्वच्छ खोटेपणा मी त्याआधी कधी बघितला नव्हता. एकही आकडा चुकीचा नाही आणि सगळं खोटं. ती ओळ पुसली आणि सरांना जाऊन सांगितलं, "सर, मी बदलणार न्हाई."

सर म्हणाले, "ठीक आहे."

एवढंच. मला वाटलं सुटले.

मग पाहुण्यांसमोर दाखवायचा दिवस आला. पुढं अध्यक्षसाहेब, त्यांच्या शेजारी बाहेरून आलेले एक परीक्षक, गळ्यात हार. विराज माईक घेऊन उभा. त्यानं लायब्ररी उघडली, माझी फाईल उघडली. वरती माझं नाव होतं, मी लिहिलं होतं तसंच. फाईल चालवली.

शून्य. शून्य. शून्य. वरपासून खालपर्यंत.

"आमच्या वर्गात सगळेच टॉपर आहेत," विराज म्हणाला. टाळ्या.

कोणी बदललं, मला माहीत नाही. सर पंख्याकडं बघत होते. पण नाव माझं होतं. त्या खोट्याच्या डोक्यावर माझं नाव बसवलं होतं. मोजमाप चुकलं तर कोणी मोजलं? बँडवाल्याच्या पोरीनं.

मी उभी राहिले.

"हे फंक्शन माझं न्हाई. माझी ओळ परत टाका, न्हाईतर माझं नाव काढा."

"खाली बस," सर म्हणाले.

"बसणार न्हाई."

विराज माईकवरच म्हणाला, "सर, सवय असते. हात मोकळा राहिला की वाजवायला लागतेत." परत हशा. अध्यक्षसाहेबही हसले, पोट हलवून.

ह्या खेपेला मी थांबले नाही. परीक्षकांकडं बघून बोलले. "सर, हे घड्याळ एका सेकंदाच्या खालचं काहीच बघत न्हाई. त्यानं बघू नये म्हणून तसं केलंय. खालचं बघितलं तर तबस्सुम पहिली आहे. मोजून घ्या. आत्ता, इथं, सगळ्यांसमोर."

हशा बंद झाला. परीक्षकांना कळलं होतं. त्यांच्या तोंडावरून मला दिसलं, त्यांना बराबर कळलं होतं. त्यांनी अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्षांनी दाराकडं बघितलं. परीक्षक म्हणाले, "तांत्रिक मुद्दा आहे, नंतर चर्चा करता येईल." आणि सगळे जेवायला गेले. बासुंदी होती म्हणे.

स्पर्धेला विराज गेला.

मला वाटलं होतं तबस्सुम तरी जवळ येईल. ती आली. जिन्यात गाठून म्हणाली, "मेरेकू पूछी क्या तू?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"सगळ्याईसमोर माझं नाव घेतलंस. आता अब्बाला काय सांगू? भांडायला पाठवलं व्हतं का म्हणतील. तुला वाटलं, तू माझ्यासाठी उभी राहिलीस. मला विचारलं असतंस तर मी तयारी केली असती. नुसती मान खाली घालून बसावं लागलं मला."

ती बराबर होती. कोणाच्या तरी नावानं न विचारता बोलणारे लोक मी आयुष्यभर पाहिलेत, व्यासपीठावर, निळ्या-भगव्या सगळ्या झेंड्यांखाली. त्यांच्यातली एक होऊन मला चालणार नाही.

मी माफी मागितली. तिची.

चार-दोन दिवसांनी तीच वसतिगृहावर आली. मी आमच्या विद्यार्थी संघटनेचं पत्रक लिहायला बसले होते. तिनं वाचलं. म्हणाली, "फार शिव्या देऊन राहिली तू. शिव्या कमी कर, मागणी वर घे." मग पेन घेतलं आणि खाली स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव. "ह्या बारीला मी सांगून राहिले," म्हणाली. "आता घाल."

मागणी साधी आहे. निवड करायच्या आधी प्रत्येकाचा निकाल भिंतीवर लावा, बाकी न टाकता. कोणत्या मापानं मोजलं ते शेजारी लिहा. तोंडी परीक्षेचे गुण, व्यक्तिमत्त्वाचे गुण, कोणाला किती दिले आणि काय म्हणून दिले, तेही लिहा. खरंच समान असतील तर भिंतीला भ्यायचं कारण नाही.

पत्रक वाटलं त्याच दुपारी सरांचा निरोप आला. केबिनमध्ये गेले. ह्या खेपेला खुर्ची पुढं केली. मी बसले नाही.

"दिलगिरी लिहून दे," सर म्हणाले. "दोन ओळी. गैरसमजातून झालं म्हण. प्रॅक्टिकलचे थांबवलेले गुण टाकतो, वर्ष वाचतं तुझं. मी काही वाईट माणूस नाही गं. मलाही घर आहे."

"सर, ते आकडे बराबर होते का नव्हते?"

सरांनी टेबलावरची काच पुसली. "होते," म्हणाले. "पण त्यानं काय होतं?"

त्यानं काय होतं ते मी तुमाला सांगते, सर. ह्या दुसऱ्या पत्रकातून सांगते, कारण तुमच्या केबिनमध्ये बोललेलं केबिनमध्येच मरतं. तुमाला माहीत होतं. तुमी तोंडानं कबूल केलं. आता नकळत झालं असं तुमाला कधीच म्हणता येणार नाही.

मी दिलगिरी लिहून देणार नाही. दोन ओळींची नाही, एका शब्दाची नाही. वर्ष घ्या. स्कॉलरशिप घ्या. खोली खाली करा म्हणाल तर तबस्सुमच्या मावशीनं हिंगोलीतच कोपरा देऊ केलाय, तिथं पथारी टाकीन. घरी जाणार नाही. परीक्षेचा अर्ज परत भरीन आणि परत नापास केलंत तर परत भरीन. दरवेळी तुमाला माझ्या नावापुढं तुमच्या हातानं 'नापास' लिहावं लागेल, आणि दरवेळी मी समोर उभी राहून विचारीन, काहून?