कादंबरी छापून मिळणेबाबत

रुद्रम्मा मला कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी तिच्याबद्दल जे सांगणार आहे त्यात गोडवा शोधू नका.

मी बलभीम. परंड्याच्या तहसीलसमोर एकतीस वर्षं अर्ज लिहितोय. आधी हातानं लिहायचो, मग टाइपरायटर आला, आता लॅपटॉप आहे. रेशनकार्ड, वारसनोंद, उत्पन्नाचा दाखला, काय वाट्टेल ते. माझ्या अर्जाची एक रीत आहे. वर विषय, खाली महोदय, मग अर्जदाराची परिस्थिती आणि शेवटी ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती’. परिस्थिती जितकी वाईट लिहाल तितकं साहेबाचं लक्ष लवकर जातं. हे मला कुणी शिकवलं नाही. टेबलामागं बसून बसून कळलं.

ही बाई मूळची उमरग्याकडची. लग्न होऊन परंड्यात आली, सहा वर्षांत नवरा गेला, मग मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. बारावी झालेली आहे आणि ते तिच्या चालण्याबोलण्यात दिसतं. गावातले लोक तिला चांगलं म्हणतात. मी म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी ती वसतिगृहातल्या एका मुलीला घेऊन दाखल्याच्या अर्जासाठी आली होती. मी रीतीप्रमाणं ‘निराधार’ असं लिहिलं. तिनं रांगेतल्या दहा माणसांसमोर मला तो शब्द खोडायला लावला. पोरीला आजी आहे, मामा आहे, मग निराधार कशी, असं म्हणाली. मी मुकाट्यानं खोडला, पण तो अपमान विसरलो नाही.

गेल्या वर्षी गणपती उठले आणि दोन दिवसांनी बाई पुन्हा माझ्या टेबलासमोर हजर. हातात पेपरातलं एक कात्रण. पुण्याच्या कुठल्या तरी प्रकाशनाची जाहिरात होती. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी नव्या लेखकांच्या कादंबऱ्या हव्यात. आधी एक पानाचं पत्र आणि पहिली तीन प्रकरणं ई-मेलनं पाठवा, पत्र आवडलं तर पूर्ण कादंबरी मागवू, एकदा नाकारलेली कादंबरी पुन्हा पाहिली जाणार नाही. आता परंड्यात याचं कुणाला काय? पण रुद्रम्मानं कादंबरी लिहिली होती. भाकरी थापता थापता मुलींना गोष्ट सांगायची, मुली पुढं काय झालं म्हणून मागं लागायच्या, आणि रविवारी दुपारी बाई ते वहीत उतरवायची. चार वर्षांत सात वह्या भरल्या होत्या. त्या सात वह्या कुणी उघडायच्या की नाही, हे त्या एका पानावर ठरणार होतं.

तिच्याकडं ई-मेल नव्हता आणि टायपिंग येत नव्हतं, म्हणून ती आली. माझ्या अकलेसाठी आली नव्हती, तेही तिनं स्पष्ट सांगितलं. जे लिहिलंय ते जसंच्या तसं टाइप करा.

मी पत्र वाचलं. विषय नाही, महोदय नाही, विनंती नाही. वसतिगृहातल्या एका मुलीची गोष्ट होती. ही मुलगी सगळ्यांना सांगते की माझी आई सोलापूरला नर्स आहे. आई तर मेलेली. मग ती स्वतःच आईच्या नावानं स्वतःला पत्रं लिहिते आणि ओळखीच्या कंडक्टरकडून सोलापूरच्या टपालात टाकून घेते. एक दिवस आईच्या नावानं असं पत्र येतं, जे तिनं लिहिलेलंच नसतं. बस, इथं पत्र संपलं. मी विचारलं, मग ते कुणी लिहिलं? ती म्हणाली, ते कादंबरीत आहे. मी म्हटलं, बाई, अर्धवट माहितीचा कागद त्रुटी काढून परत येतो. ती म्हणाली, सगळं पत्रातच सांगितलं तर कादंबरी कशाला मागवतील? उत्तर चोख होतं, म्हणूनच मला राग आला.

मी माझ्या रीतीनं टाइप केलं. विषय घातला, ‘कादंबरी छापून मिळणेबाबत’. खाली परिस्थिती घातली, विनंती घातली. तिनं उभ्याउभ्या वाचलं, कागदाची चौघडी केली आणि माझ्यासमोर ठेवली. मी काय रेशनकार्ड मागायला आले नाही, म्हणाली. दोन माणसं हसली. मी तिला दुसरा माणूस बघा म्हणालो. तिनं दुसरा आहे का ते विचारलं. नव्हता. मराठी नीट टाइप करणारा तहसीलसमोर मी एकटाच आहे.

पुढच्या पंधरा दिवसांत ती चार वेळा आली. प्रत्येक वेळी तेच पत्र, पण खाडाखोड करून आणलेलं. आधी तिनं ‘मी लिहायला कशी लागले’ हे सात ओळींचं पुराण काढून टाकलं. मग प्रकाशनाची स्तुती काढली. ‘ही कादंबरी मुलांवर उत्तम संस्कार करील’ हे वाक्य मी पदरचं घातलं होतं, ते तिनं वाचलं न वाचलं तोच उडवलं. संस्कार आला की पोरी पान उलटतात, म्हणाली. प्रत्येक वेळी आम्ही भांडलो. शेजारचा चहावाला आम्ही सुरू झालो की आवाज ऐकायला पुढं यायचा.

चौथ्या वेळी पत्राची सुरुवात अशी होती: ‘चंद्रकलाची आई मेली आहे, पण तिची पत्रं येतात.’

मी ते वाक्य टाइप केलं आणि थांबलो. एकतीस वर्षांत माझ्या हातून असं एक वाक्य उतरलं नव्हतं. चांगलं झालंय, एवढं म्हणायला काय जात होतं? पण म्हणालो नाही. उलट तिला सांगितलं, शेवटी निदान तुम्ही विधवा आहात, स्वयंपाक करून पोट भरता, हे तरी घाला. वाचणाऱ्याला दया येते, काम होतं.

रुद्रम्मानं माझ्याकडं नीट बघितलं. “बलभीमअण्णा, म्या विधवा हाय. कादंबरी न्हाय.”

तिनं छापून घेतलेलं पान पुन्हा एकदा वाचलं, आता ठीक आहे म्हणाली आणि रात्रीच्या स्वयंपाकाला निघून गेली. पहिली तीन प्रकरणं आधीच टाइप करून झाली होती, आता पाठवायचं काम तेवढं माझ्यावर होतं.

आता खरं सांगतो. मी पाठवायच्या आधी पत्राच्या वर चार ओळी घातल्या. अर्जदार विधवा असून वसतिगृहात स्वयंपाक करून उपजीविका करते, शिक्षण बेताचं, घरी कुणाचा आधार नाही, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. खाली वसतिगृहाचा पत्ता. हे तिच्या भल्यासाठी केलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. थोडं होतंही तसं. पण जास्त होता तो राग. बाईला दाखवायचं होतं की काम होतं ते माझ्या चार ओळींनी, तिच्या चंद्रकलानं नव्हे. काम झालं की सांगेन, असं मी ठरवलं होतं.

दोन महिन्यांनी, ऐन गर्दीच्या वेळी, ती आली. रांग ओलांडून सरळ टेबलाशी आली आणि पुण्याचं पत्र माझ्या लॅपटॉपवर ठेवलं. छान कागद, छान भाषा. आपली परिस्थिती वाचून मन हेलावलं. आपल्या वसतिगृहातल्या गरजू मुलींसाठी चाळीस पुस्तकं भेट पाठवत आहोत. आपल्या जगण्यातल्या संघर्षाविषयी दोन पानं लिहून दिलीत तर महिला दिनाच्या आमच्या अंकात छापू. कादंबरीचा विचार मात्र तूर्त करता येणार नाही. चंद्रकलाचं नाव अख्ख्या पत्रात कुठं नव्हतं.

तुम्ही पुण्याला काय पाठवलंत ते दाखवा, असं ती म्हणाली. मी टाळाटाळ केली. नेट चालत नाही म्हणालो. ती हलली नाही. रांगेतले लोक बघत होते. शेवटी मी मेल उघडला आणि लॅपटॉप तिच्याकडं वळवला. तिनं त्या चार ओळी वाचल्या, खालचं स्वतःचं पत्रही पूर्ण वाचलं.

“अर्ज मंजूर झाला की तुमचा,” ती म्हणाली.

मी म्हणालो, पुन्हा पाठवतो, त्या ओळी काढून पाठवतो, चूक झाली असं लिहितो. तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा चढला.

“त्यांनी आता माझं मोकळं कपाळ बघितलंय. ते बघितल्यावर कादंबरी कशाला बघतील? चार वर्षं म्या ते कुठल्याच पानावर येऊ दिलं न्हाय. तुम्ही चार ओळीत नेऊन ठेवलं.”

मला शरम वाटली, आणि शरम वाटायला लावली म्हणून तिचा रागही आला. आजही येतो.

ती बाकड्यावर बसली नाही. उभ्यानंच सांगू लागली आणि मला टाइप करायला लावलं. पुस्तकं मिळाली, मुली वाचतील. माझ्या परिस्थितीचा मजकूर मी लिहिलेला नाही. तो परंड्याचे अर्ज लिहिणारे बलभीम यांनी मला न विचारता घातला. तो वगळून पत्र वाचावं.

‘बलभीम’वर माझी बोटं अडली. हजारो लोकांची नावं मी अर्जांत घातली, कुणाला निराधार केलं, कुणाला व्यसनी बापाचं केलं. स्वतःचं नाव कधी घातलं नव्हतं. नुसतं ‘टाइप करणाऱ्यानं’ लिहिलं तर चालणार नाही का, असं मी हळूच विचारलं. नाही, म्हणाली. मी नाव टाइप केलं. सवयीनं पुढं ‘ही नम्र विनंती’ असंही आलं.

“ते काढा.”

मी काढलं. मेल गेल्याचं स्क्रीनवर दिसेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग पुण्याचं पत्र माझ्या टेबलावरच सोडून वसतिगृहाकडं चालायला लागली. रांगेतल्या पहिल्या माणसानं आपला कागद पुढं सरकवला, आणि अण्णा, जे सांगतो तेवढंच लिहा, असं म्हणाला.