विदरकोटच्या घराचे जाणकार

सदर इसम, नामे गुणवंत यशवंत टिपणीस, वय वर्षे सेहेचाळीस, व्यवसाय नोकरी, मूळ राहणार ठाणे, हल्ली मुक्काम डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई, हे इंग्लंडातील जुन्या, ऐतिहासिक व नूतनीकृत ग्रामीण निवासांचे समस्त आखातातील मान्यवर जाणकार असून, सदर निवासांची रचना, इतिहास, हवामान व शेजार यांबाबत त्यांचा शब्द अंतिम मानण्यात यावा. त्यांचे सहकुटुंब वास्तव्य दुबईत स्थिर स्वरूपाचे आहे.

असा मजकूर, जरा बऱ्या इंग्रजीत, कंपनीच्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर टाय लावलेल्या फोटोखाली छापलेला होता. तो टिपणिसांनी स्वतःच लिहिला होता, कारण ऑफिसात लिहायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी तिथे दोन मजले भरून माणसं होती आणि ती टॉवर विकायची. टॉवर म्हणजे वाळूत खणलेला खड्डा आणि त्याच्या कडेला उभं केलेलं भलंमोठं चित्र. लोक चित्र पाहून रांगा लावत आणि पुढच्या महिन्यात तोच खड्डा चढ्या भावाने दुसऱ्याच्या गळ्यात मारून मोकळे होत. दोन हजार आठच्या दिवाळीच्या सुमाराला रांगा थांबल्या. चित्रं उन्हाने फिकी होत गेली. खड्डे मात्र जसेच्या तसे राहिले.

कंपनीचे मालक फादी हे लेबनीज गृहस्थ होते आणि कुठलीही वाईट बातमी ते खांद्यावर हात ठेवून सांगत. त्यांनी टिपणिसांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की, हबीबी, लोकांचा भविष्यावरचा विश्वास उडालेला आहे, तेव्हा आपण आता भूतकाळ विकायला घेऊ. पौंड घसरलेला होता. ज्यांचे पैसे बुडाले नव्हते त्यांना ते कुठेतरी लांब, थंड जागी नेऊन ठेवायचे होते. अशा रीतीने इंग्लिश घरांचा विभाग निघाला आणि टिपणीस त्याचे प्रमुख झाले. पहिले काही महिने त्यांच्या हाताखाली तिघं होती. मग एकेकाचा व्हिसा रद्द होत गेला आणि प्रमुखच तेवढे शिल्लक राहिले.

घरंही एकेक करून यादीतून गेली. राहिलं ते एकच, लोअर विदरकोट नावाच्या गावातलं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तिथल्या पाद्र्यासाठी बांधलेलं, दगडी, सहा बेडरूमचं, आतून सगळं नवं केलेलं. बैठकीच्या खोलीत माणूस वाकून आत शिरेल एवढी भिंतीतली शेकोटी. मागे सफरचंदाची झाडं आणि त्यांच्यापलीकडे ओढा. टिपणिसांना जिन्याची कुठली पायरी करकरते तेसुद्धा माहीत होतं, कारण तिकडच्या एजंटाला फोन करकरून त्यांनी ते विचारून घेतलं होतं. इंग्लंड मात्र त्यांनी पाहिलेलं नव्हतं. कंपनी पाठवणार होती, पण ते तिकीट मंदीतच कुठेतरी राहून गेलं.

घरी ह्या घराला ‘बाबांचं घर’ म्हणत. टिपणीस राहात ती इमारत डिस्कव्हरी गार्डन्सच्या मुघल नावाच्या भागात होती. मुघलांचं तिथे कारंज्याखेरीज काही नव्हतं आणि कारंजं बंद होतं. एकच बेडरूम, ती मुलीला, ईशानीला, अभ्यासासाठी दिलेली, नवरा-बायको हॉलमध्ये. पाहुणे आले की अनुपमा चहा देता देता सांगे, “आमच्याकडे ही एवढीच बेडरूम. बाबांच्या घरी सहा आहेत. बहात्तर लाख दिरहम फक्त. म्हणजे आपले सव्वानऊ कोटी.” पाहुणे हसत आणि टिपणीसही हसत. त्यांना त्या विनोदाचा कंटाळा आलेला होता, पण अनुपमा तो करते आहे तोवर घरात सगळं ठीक आहे असं धरून चालायला हरकत नव्हती.

खरा प्रश्न ईशानीचा होता. ती दहावीला होती. बोर्डाची नोंदणी नववीतच ह्या शाळेतून झालेली, आता मध्येच उचलून ठाण्याच्या शाळेत नेऊन बसवायची सोय नव्हती. परीक्षा मार्चमध्ये. म्हणजे काहीही करून मार्चपर्यंत नोकरी टिकायला हवी होती, कारण नोकरी गेली की बापाचा व्हिसा जाणार आणि बापाच्या व्हिसावर टांगलेली बायको-पोर आपोआप खाली येणार. सप्टेंबरात फादींनी पुन्हा खांद्यावर हात ठेवला. विदरकोट विकलं गेलं तर उन्हाळ्यापर्यंत विभाग चालवू, म्हणाले. नाही विकलं तर खलास.

गिऱ्हाईक होतं. फुजैऱ्याचे अजीज मुकादम. बंदरात उभ्या राहणाऱ्या जहाजांना दोरखंडापासून कांद्यापर्यंत सगळं पुरवायचा धंदा. मंदी आली तरी खलाशी जेवायचे थांबत नाहीत, त्यामुळे बरं चाललेलं. मूळचे श्रीवर्धनकडचे. मुलगा झुबेर लंडनला शिकत होता आणि आपलंही तिकडे एखादं खानदानी घर असावं असं अजीजभाईंच्या मनाने घेतलेलं होतं. दोन भेटी दुबईत झाल्या होत्या. पहिल्या भेटीत बोलणं इंग्रजीत सुरू झालं, हिंदीत गेलं, आणि टिपणिसांचे आजोबा महाडचे असं निघाल्यावर मराठीत येऊन बसलं. फोटो पाहूनच अजीजभाई विरघळले होते. शेकोटीच्या फोटोवर ठेवलेलं बोट तर त्यांनी बराच वेळ काढलं नव्हतं. शेवटी म्हणाले, एकदा फुजैऱ्याला या, जेवायला. माझ्या बायकोला, शहरबानूला, जरा दाखवा. मग इन्शाल्ला सह्या करू.

टिपणिसांनी हे आमंत्रण शिष्टाचार म्हणून घेतलं. इथे त्यांची चूक झाली. ठाण्याच्या माणसाच्या हिशेबात घर पुरुष घेतो आणि बायको पडद्यांचा रंग ठरवते. अजीजभाईंच्या गावात तसं नव्हतं. तिथले पुरुष पिढ्यानपिढ्या बोटीवर नाहीतर आखातात. गावातलं घर न् घर मागे राहिलेल्या बायकांनी उभं केलेलं. जागा त्यांनी पाहायची, गवंड्याशी त्यांनी भांडायचं, चिऱ्याला हात लावून त्यांनी पसंत करायचा. पुरुषाने पैसे पाठवायचे आणि दोन वर्षांनी येऊन कुठल्या दारातून आत जायचं ते विचारायचं. अजीजभाई सही करणार होते हे खरंच होतं. पण घर घेणार होती शहरबानू, आणि हे टिपणिसांना जेवणाचा दस्तरखान उचलला जाईपर्यंत कळलं नाही.

सुरमई उत्तम होती. हात धुऊन झाल्यावर शहरबानू समोर येऊन बसली. डोक्यावर ओढणी, चष्मा, आवाज शांत. माहितीपत्रक तिने चाळलं आणि मिटून टिपणिसांच्या पुढे ठेवलं. इंग्रजी आपल्याला वाचता येत नाही, तेव्हा भाऊंनी मराठीत सांगावं, म्हणाली.

टिपणिसांनी सांगायला सुरुवात केली. हे काम त्यांनी इंग्रजीत शेकडो वेळा केलेलं होतं, झोपेतसुद्धा केलं असतं. पण कोकणातल्या बाईसमोर मांडी घालून बसून, पोटात तिच्या हातची सुरमई असताना, तीच वाक्यं काही पुढे सरकेनात. ‘काळाचा स्पर्श लाभलेली वास्तू’ असं ते म्हणाले आणि त्यांना स्वतःलाच कसंतरी झालं. शहरबानूने त्यांना थांबवलं नाही, नुसतं मध्ये मध्ये विचारत गेली. पावसाचा मारा कुठल्या बाजूने आहे. भिंतीला ओल धरते का. आधी कोण राहायचं. पाद्री राहायचा, असं टिपणीस म्हणाले, तेव्हा मग जागा स्वच्छ असेल, म्हणाली. दारात गाडी येते, पण दुकान किती लांब. रात्री आजारी पडलं तर हाक कोणाला मारायची.

अजीजभाई कौतुकाने पाहात होते. विकणाऱ्याची परीक्षा आपल्या बायकोने घ्यावी ह्यात त्यांना त्रास काहीच नव्हता.

मग तिने विचारलं, “भाऊ, तुम्ही आत शिरलात तेव्हा कसं वाटलं?”

ह्या प्रश्नाचं इंग्रजी उत्तर तयार होतं. ते वास्तूशी असलेल्या दीर्घ परिचयाबद्दल होतं आणि त्यात तांत्रिकदृष्ट्या खोटं काही नव्हतं. टिपणिसांनी ते मराठीत आणायला तोंड उघडलं. समोर मार्च महिना दिसत होता. अनुपमा दिसत होती, बेडरूमच्या दाराखालून येणारी उजेडाची रेघ दिसत होती.

“मी गेलेलो नाही, भाभी,” ते म्हणाले. “मी इंग्लंडच पाहिलेलं नाही.”

अजीजभाईंनी मान वर केली. शहरबानू मात्र, वाटलंच होतं, अशा थाटात बसून राहिली.

“मग फोन करून तरी विचारलं असेल. तुम्ही विचारणारे दिसता.”

“विचारलंय.”

“मग सांगा. तुमच्या मंडळींना ठेवाल तिथे?”

आता थांबायला जागा होती. हो म्हणून चाललं असतं; लोक म्हणतातच. पण टिपणीस दोन वर्षं त्या घरात एकटेच हिंडत होते आणि कोणी त्यांना त्याबद्दल खरंखुरं असं काही विचारलेलं नव्हतं. त्यांनी सांगितलं की दिवाळीनंतर तिकडे दुपारी चारला अंधार पडतो. ओढा छान दिसतो, पण दर दोन-तीन वर्षांनी बागेत येतो. घर सरकारच्या जुन्या वास्तूंच्या यादीत आहे, एक खिडकी बदलायची तरी परवानगी लागते. शेकोटी फोटोपुरती, पेटवली तर धूर खोलीत येतो. दुकान एक, ते रविवारी बंद. शेजारी सभ्य आहेत, म्हणजे हात करतात, घरात येत नाहीत. बोलता बोलता ते करकरणाऱ्या पायरीपर्यंत आले.

“नाही ठेवणार,” ते म्हणाले. “एकटं पडेल माणूस.”

“मग नको,” शहरबानू म्हणाली.

अजीजभाईंनी झुबेरचं नाव काढून पाहिलं. झुबेर लंडन सोडून त्या रानात कशाला जाईल, म्हणाली, आणि घर राखायला शेवटी मलाच पाठवाल. विषय संपला. अजीजभाई टिपणिसांना सोडायला गाडीपर्यंत आले. रागावलेले नव्हते, थोडे हिरमुसलेले होते, शेकोटीसाठी.

“टिपणीस साहेब, तुम्ही विकायला आला होतात का मोडायला?”

टिपणिसांनाही ते नक्की सांगता आलं नसतं. परतीच्या रस्त्यावर डोंगर संपून वाळू लागेपर्यंत त्यांनी गाडीचा रेडिओ लावला नाही. घरी अनुपमाने काय झालं विचारलं. नाही जमलं, एवढंच सांगितलं. मग थोड्या वेळाने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “एक दिवस इंग्रजीत बोलला असतात तर काय बिघडलं असतं?” आणि भांडी घासायला उठली. सहा बेडरूमचा विनोद त्यानंतर घरात कोणी केला नाही. ईशानीने कानातला इअरफोन एका बाजूने काढून “सो, आर वी लीव्हिंग?” असं विचारलं, आणि अजून नाही म्हटल्यावर परत घातला.

ऑक्टोबरात फादींनी तिसऱ्यांदा खांद्यावर हात ठेवला. व्हिसा रद्द करण्याच्या कागदांबरोबर त्यांनी अनुभवाचा दाखलाही दिला. त्यात श्री. टिपणीस यांच्या अमोघ विक्रीकौशल्याचा उल्लेख होता. विदरकोटचं घर पुढे त्याच गावातल्या एका दातांच्या डॉक्टराने घेतल्याचं तिकडच्या एजंटाने कळवलं. तो राहायचा त्याच गल्लीत, तेव्हा फोटो वगैरे काही लागले नाहीत.

टिपणीस ठाण्याला परतले आणि भावाच्या घरातून अर्ज पाठवू लागले. निघण्यापूर्वी त्यांनी अजीजभाईंना एक फोन केला होता, आणि तो करण्यापूर्वी बराच वेळ फोन हातात धरून बसले होते. नोकरी द्यायला अजीजभाईंकडे नव्हती, त्यांनीही माणसं कमी केली होती. पण मग त्यांच्या हातातून फोन शहरबानूने घेतला आणि मुलीची परीक्षा कधी आहे ते विचारलं. मग अजीजभाईंच्या ओळखीच्या ट्रॅव्हल एजंटाने मायलेकींचे व्हिजिट व्हिसा काढून दिले. त्या व्हिसाची मुदत संपली की देशाबाहेर जाऊन नव्या व्हिसावर परत यावं लागे. त्यासाठी अनुपमा आणि ईशानी दोनदा विमानाने इराणच्या किश बेटावर जाऊन आल्या. दुसऱ्या खेपेला नवा व्हिसा यायला उशीर झाला आणि ईशानीने तिथल्या हॉटेलच्या लॉबीत, सामानावर पाय ठेवून, भूमितीचे सराव पेपर सोडवले. डिस्कव्हरी गार्डन्सचा फ्लॅट सुटला होता. शारजात अल मजाजला एका गुजराती कुटुंबाच्या घरातली एक खोली त्यांनी घेतली होती. ओट्यावर अनुपमाची वेळ ठरलेली असे.

शाळेने हरकत घेतली नाही. रोज रात्री टिपणीस ठाण्याहून फोन करत आणि अभ्यास कसा चालला आहे असं विचारत, आणि ईशानी “फाइन, बाबा” म्हणे. परीक्षेच्या आदल्या रात्रीही तेवढंच म्हणाली.

ईशानीचा जन्म दुबईतला. दहावीची परीक्षा तिने टुरिस्ट म्हणून दिली.