ट्रेसिंगवर पडलेलं पाणी

तात्यासाहेबांनी तांब्यात बोटं बुडवली आणि माझ्या ट्रेसिंगवर पाणी शिंपडलं. तीनदा. तोंडानं काहीतरी पुटपुटले. मी समोरच उभा होतो, हातात शाईचा पेन. दहा दिवस मान मोडून मी ते काम केलं होतं. ट्रेसिंग म्हणजे शाईनं काढलेला मूळ नकाशा; त्याचं कापड खळीचं असतं, त्याला पाणी लागलं की खळी विरघळते आणि शाई फुटते. हे मला पहिल्या दिवशी शिकवलं कोणी? तात्यासाहेबांनीच.

"आता माझ्या टेबलावर ठेव," ते म्हणाले. "नाही, तू नको. शिपाई ठेवील."

शिपायानं ठेवलं. हॉलमधले सहाजण माना खाली घालून रेघा मारत राहिले. एकाला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं.

मी तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. एक सत्र बाहेर काम शिकायचं, तिथला दाखला आणायचा, मगच डिप्लोमा. कॉलेजनं मला भोपाळला एका ठेकेदार कंपनीच्या नकाशांच्या ऑफिसात पाठवलं. राजधानी नवीनच झालेली. जिकडे बघावं तिकडे पायाचे खड्डे आणि विटांच्या राशी. ऑफिसामागच्या सामानाच्या खोलीत मी खाट टाकली होती. आमचं घर भिलाईला, जामुलच्या बाजूच्या झोपड्यांत. बाबा खलाशी. खलाशी म्हणजे उंचावर चढून लोखंड जोडणारा. याच कंपनीची भिलाईत कारखान्याच्या बांधकामावर कामं होती, आणि बाबा त्यांच्याच टोळीत. बाप ज्यावर चढतो ते लोखंड लेक कागदावर काढतो, म्हणून माय वस्तीभर सांगत सुटली होती.

पहिला आठवडा तात्यासाहेब माझ्यावर खूश. ते हेड ड्राफ्ट्समन. नागपूरची राजधानी गेली तसे तेही इकडे आले होते. मराठी पोरगा भेटला म्हणून मला घरचं लोणचं दिलं. "अक्षर मोत्यासारखं आहे रे तुझं," म्हणाले. आडनावावरून त्यांना जातीचा पत्ता लागला नव्हता. मग कॉलेजचा फॉर्म आला. धर्माच्या रकान्यात मी बौद्ध लिहिलं. नागपूरला दीक्षा घेऊन आम्हाला फार वर्षं झाली नव्हती, आणि सरकारी कागदावर तो शब्द मी पहिल्यांदाच लिहीत होतो. छाती फुगवून लिहिला. तात्यासाहेबांनी फॉर्म वाचला, घडी घातली. दुसऱ्या दिवसापासून टेबलाशी तांब्या आला.

ते ट्रेसिंग होतं भिलाईच्या एका चिमणीभोवतीच्या फलाटाचं. चिमणी बांधताना माणसं ज्यावर उभी राहतात तो फलाट. त्याला खालून लोखंडी आधार, आणि आधाराला बोल्ट. बोल्टची जाडी सोळा मिलिमीटर. मी इंग्रजी आकड्यात सोळा लिहिलं होतं. पाण्याचा एक थेंब बरोबर सहावर पडला. सहाचं वरचं शेपूट वाहून गेलं, खाली गोल तेवढा उरला. सोळाचे झाले दहा.

तात्यासाहेबांनी कापसानं टिपलं. मी दुरून पाहिलं. म्हणालो, "साहेब, तो आकडा गेला. सोळा आहे तिथं."

"मला आकडे शिकवतोस?"

"नाही साहेब, पण..."

"हात लावायचा नाही म्हटलं ना? दाखला पाहिजे की नको?"

मी गप्प बसलो. दाखला पाहिजे होता. त्याच दिवशी ट्रेसिंगचे प्रिंट निघाले, निळ्या कागदावर पांढरे दहा. भिलाईचं पाकीट बंद झालं. मी ते बंद होताना पाहिलं.

तीन दिवस मी काही बोललो नाही. हे मी कुणावर ढकलणार नाही. स्वतःला सांगत राहिलो, भिलाईला इंजिनिअर आहेत, रशियन साहेब आहेत, एवढ्या डोळ्यांतून चूक सुटेल होय? पण जेवण गोड लागेना. रस्त्यात बांधकामाच्या परांचीवर कोणी चढताना दिसलं की मी दुसरीकडे बघायचो.

चौथ्या दिवशी घरून कार्ड आलं. बाबांनी शेजाऱ्याकडून लिहवलं होतं. 'आमाले चिमणीच्या कामावर घेतलं. भोपाळचा नकाशा आला का फलाट बसवनार. अमावास्या झाली का वर चढू. तू काळजी करू नोको, मन लावून काम शिक.'

अमावास्येला पाच दिवस होते. कार्ड खिशात घातलं. मी तसाच मॅनेजरच्या खोलीत घुसलो आणि सांगितलं, बोल्टचा आकडा चुकला आहे, भिलाईला तार करा. मॅनेजरनं तात्यासाहेबांना बोलावलं.

"आकडा बरोबर आहे," तात्यासाहेब शांतपणे म्हणाले. "यानं कापडावर पाणी सांडलं होतं, मी निस्तरलं. आता स्वतःची चूक माझ्या गळ्यात घालतोय."

करून सवरून नामानिराळे! आकडा चुकला म्हटलं असतं तर पाणी आलं कुठून, हे सांगावं लागलं असतं. ते सांगण्यापेक्षा त्यांना बोल्ट बारीक चालत होता. माणसं पडली तरी चालत होती. मला तेव्हा कळलं की तो तांब्या माझ्यासाठी नव्हताच फक्त. त्या फलाटावर चढणाऱ्या सगळ्यांसाठी होता.

"हॉलमधल्या कोणालाही विचारा," मी म्हणालो. मॅनेजरनं दारातून विचारलं. सहाच्या सहा माना खालीच राहिल्या. "मग मीच भिलाईला जातो," मी म्हणालो.

"बिना छुट्टी कहीं गए, तो सर्टिफिकेट भूल जाओ," मॅनेजर म्हणाला.

तार करायला मी स्वतः पोस्टात गेलो. पण पत्ता कुणाचा घालू? बाबांना वाचता येत नव्हतं, आणि साइटवरच्या साहेबानं माझ्यासारख्याची तार खिशात घातली असती. तिकिटाचे पैसे जमवण्यात दोन दिवस गेले, मग मी स्टेशन गाठलं. इटारसीला गाडी चुकली, नागपूरला गर्दीत चढता आलं नाही. अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी भिलाईला उतरलो आणि लाल मुरमातून पळत सुटलो.

चिमणीभोवती फलाट बसला होता. वर फळ्यांचे गठ्ठे चढवलेले. बाबांची टोळी खाली उभी होती, कमरेला दोर बांधत. अमावास्येपर्यंत थांबायचं नाही, असं मुकादमानं सकाळीच ठरवलं होतं.

"बाबा, चढू नका!"

"तू कावून आला बे?" बाबा ओरडले. "साहेबानं हाकललं का तुले?"

"बोल्ट बारीक आहे. सोळाच्या जागी दहाचा आहे."

"तुले कोन सांगतलं?"

"मीच काढला तो नकाशा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग वर बघितलं. जन्मभर ते मला एकच सांगत आले होते, साहेबाच्या तोंडाले लागू नोको. त्यांनी दोर सोडला आणि खाली बसले. त्यांचं पाहून एकेक करून टोळी बसली. मुरूम वाहणाऱ्या छत्तीसगढी बायाही टोपल्या उतरवून उभ्या राहिल्या.

"हाजिरी कटेगी सबकी!" मुकादम किंचाळला.

"काट," बाबा म्हणाले.

गलका ऐकून साइटचा तरुण इंजिनिअर आला. त्यानं एक बोल्ट काढायला लावला. बोल्ट निघेना, हातोडा मारावा लागला. बाहेर आला तो मधून वाकलेला होता, आणि अजून वर फक्त फळ्यांचा भार होता, टोळी चढायचीच होती. इंजिनिअरनं तो मुठीत धरला. कोणाकडे न बघता म्हणाला, "फलाट खोलो."

पंधरा दिवसांनी भोपाळहून पत्र आलं. सोबत टाइप केलेला कागद. 'ट्रेसिंगवर पाणी माझ्या हातून सांडले, त्याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली सही करून पाठवली तर रजा मंजूर होईल आणि दाखला मिळेल.

मी बाबांना वाचून दाखवलं. त्या पाण्याची गोष्ट मी त्यांना आजवर सांगितली नव्हती. लाज वाटत होती.

"पानी कसं सांडलं?" बाबांनी विचारलं.

"सांडलं नाही. माझा हात लागला होता, म्हणून त्यांनी शिंपडलं."

माय चुलीशी होती, तिचा हात थांबला. बाबांनी तो कागद हातात घेतला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"कर सही," ते म्हणाले. "पन खरं लिहून कर."

मी टाइप केलेल्या ओळीवर काट मारली. खाली माझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'पाणी माझ्या हातून सांडले नाही. मी बौद्ध आहे, माझा हात लागला, म्हणून हेड ड्राफ्ट्समननी ते शिंपडले. त्या पाण्याने बोल्ट बारीक झाला.' पूर्ण नाव लिहिलं. एक प्रत कॉलेजला, एक कंपनीला.

दाखला आला नाही. माझं सत्र गेलं, वर्ष गेलं. पुढच्या वर्षी दुसरीकडे जाऊन ते पुन्हा केलं. त्या पाण्याची लाज मला आता वाटत नाही, ती ज्यानं शिंपडलं त्याची. माझी लाज त्या तीन दिवसांची आहे. दाखल्यासाठी मी कुणाच्या तरी बापाला त्या फलाटावर पाठवून गप्प बसलो होतो. बोलायला चौथा दिवस मी आता कधीच उजाडू देणार नाही. पाणी हवेत असतानाच शिंपडणाऱ्याचा हात धरीन.